उरलेली दोन पानं

आई गेल्यावर पाच महिन्यांनी लेक माहेरी आली आणि खिडकीतली कुंडी बघून दारातच थबकली. आईने वीस वर्षं वाढवलेली, कुंडीत न मावणारी कोरफड. तिची आता जेमतेम दोन पानं उरली होती.

"अहो बाबा, कोरफड आहे ती! पाणी घालायला विसरलं तरी जगते. तुम्ही तिचीही वाट लावलीत?"

बाबा हात पाठीमागे घेऊन नुसते उभे राहिले.

तिने वाकून पाहिलं. बाकीची पानं सुकली नव्हती की कुजली नव्हती, कापलेली होती. तीही वेडीवाकडी, मधूनच. लहानपणी इस्त्रीचा चटका बसला की आई बुंध्याजवळचं सगळ्यात जुनं पान अलगद काढायची, पिवळा चीक निथळू द्यायची आणि मग गार गर लावून फुंकर घालायची.

"हात दाखवा बघू."

बाबांनी नाइलाजाने हात पुढे केले. जन्मभर शिंपीकाम करून ज्या बोटांना कधी सुई टोचली नव्हती, ती चटक्यांच्या डागांनी भरली होती.

"अहो, डबा लावून दिलाय ना मी तुम्हाला?"

"त्या डब्याला तिच्या हाताची चव नाही गं," बाबा कुंडीकडे बघत म्हणाले. "बटाट्याची भाजी आता बरीच जवळ आलीय. अजून दोन पानं आहेत ना, तेवढ्यात जमून जाईल."