तीन पाण्यांचं अक्षर

“पाणी शून्य,” ज्योतिषी शेन गुरुजी म्हणाले आणि त्यांनी ताटातलं आणखी एक लाल अंडं सोलायला घेतलं. “लाकूड आहे, आग आहे, माती तर ढीगभर. पण पोरीच्या जन्मवेळेत पाण्याचा थेंब नाही. दूध ओढेल कशी ती?”

पोरीला आज महिना भरला होता. नाव ठेवायचा, लाल अंडी वाटायचा दिवस, आणि पोर आईच्या कुशीत वाळल्या शेंगेसारखी पडलेली. कालपासून तिनं दुधाला तोंड लावलं नव्हतं.

“मग पाण्याचं नाव द्या,” तिची आई स्यूफेन म्हणाली.

“मिआओ,” गुरुजी म्हणाले. “एक पाणी वर, दोन खाली. तीन पाणी रचलं की हे एक अक्षर होतं. शहरात हल्ली पुष्कळ मुलींचं असतं.”

अंगणात उभे असलेले स्यूफेनचे सासरे, म्हातारे तान बाओशान, यांनी हातातला लांब दांड्याचा कुंचला बादलीत आपटला. फरशीवर पाण्यानं अक्षरं काढायची आणि उन्हात उडून जाऊ द्यायची, ही त्यांची रोजची खोड. ना शाईचा खर्च, ना कुणाशी वाद.

“गुरुजी, तुम्ही डोंगराकडचे, म्हणून बोलता. नदीच्या बांधाखाली राहणारं माणूस लेकराला पाण्याचं नाव देत नाही. माझ्या नावात डोंगर, माझ्या मुलाच्या, यानच्या नावात कातळ. माझ्या आज्याच्या नावात तर वीट होती, वीट! लोक हसायचे. पण गाव उभं आहे.”

“अक्षर सुंदर आहे हो.”

“जुना अर्थ सांगा की तिला. पलीकडचा काठ दिसत नाही, असं पाणी.”

“शहरात कुणाची तक्रार नाही.”

“त्यांना काठ शोधायची वेळ आली नसेल.”

“बाबा,” स्यूफेन म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “तुमचं गाव उभं आहे. माझी पोर मरतेय.”

यान असता तर म्हाताऱ्याला हा निर्णय त्याच्यावर ढकलता आला असता, पण तो बांधावर पहाऱ्याला होता. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं, तरी बांधापलीकडची नदी कौलांहून उंच चढलेली होती. बांध आधी तळातून पाझरतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नितळ पाणी आलं तर भ्यायचं नाही. वाळू घेऊन आलं तर बांध आतून खचतोय, पळायचं, मागं वळून बघायचं नाही.

म्हाताऱ्यानं कुंचला उचलला. रिवाजाप्रमाणे आधी स्वतःचा डोंगर काढला, त्याखाली मुलाचा कातळ. मग पुढच्या फरशीवर, सांध्यावरच, एक पाणी वर आणि दोन खाली. अक्षर नेटकं आलं.

“तान मिआओ,” त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

पोरीनं डोळे उघडले. तोंड इकडंतिकडं फिरवलं, आणि अशी लुचायला लागली की स्यूफेनला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

“बघा!” शेन गुरुजी अंड्यासकट ओरडले. “म्हटलं नव्हतं?”

म्हाताऱ्याचेही डोळे भरून आले. उगाच भ्यालो, असं त्यांना वाटलं. सुनेला दिसू नये म्हणून ते खाली बघत राहिले.

डोंगर उडून गेला होता. पाठोपाठ कातळही गेला. तीन पाणी मात्र ओलंच होतं.

कुंचला जास्त बुडवला असेल. त्यांनी कापडी जोड्याच्या तळव्यानं अक्षर पुसलं. फरशी कोरडी दिसली, आणि बघता बघता सांध्यातून पुन्हा ओली झाली. आता अक्षर राहिलं नव्हतं. तिन्ही पाणी एकमेकांत मिसळून बादलीकडे सरकत होतं.

म्हातारा गुडघ्यावर बसला. पाण्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. खरखरीत लागलं.

“सूनबाई, ऊठ. पोरीला उचल. टेकडीकडे चल.”

“थांबा ना बाबा,” स्यूफेन मान वर न करता म्हणाली. “आत्ता कुठं ती प्यायला लागलीय.”