नाव घ्या, वहिनी!

"नाव घ्या वयनी, त्याबिगर आत सोडायची न्हाय!" अनिता दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. नव्या सुनेचं दार अडवायचं हा नणंदेचा हक्कच. तिच्या मागं घर भरून बायका. उंबऱ्यावर तांदळाचं माप. आणि मापापुढं नवी नवरी प्राची, घामाघूम.

नेमका नवरा जवळ नव्हता. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट रस्त्यात भोंगा वाजवत थांबला होता. म्हणून दिग्विजय बायकोच्या गिटारसकट सामान ओट्यावर ठेवून, गाठ मारलेलं उपरणं तिच्याच खांद्यावर टाकून, वाटेत उभी केलेली आपली गाडी बाजूला घ्यायला पळाला होता.

प्राची बोलताना अडखळायची. त्यातही 'द' आला की जीभ जी दाताला चिकटायची, ती सुटायचं नावच काढायची नाही. आणि नशीब बघा, नवरा मिळाला तो दिग्विजय! सांगवीत, म्हणजे सासरच्या गावात, एवढंच ठाऊक होतं की पोरगी अबोल आहे. पहिल्याच दिवशी अख्ख्या भावकीसमोर आपलं हसं होणार, सासूबाईंची मान खाली जाणार, या धास्तीतच तिनं तोंड उघडलं.

"द... द..."

आतून कुणीतरी खुदकन हसलं. "लाजतीया," एक चुलती म्हणाली. सासूबाई, कुशाबाई, मात्र हसल्या नाहीत. त्या सुनेच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. प्राचीला ते हसण्यापेक्षा जड गेलं.

मग तिनं ओट्यावरची गिटार उचलली. तारेची चौकट गळ्यात अडकवून तिच्यात माउथ ऑर्गन बसवला. पुण्यात ती अशीच एकटी वाजवायची. हातानं गिटार, तोंडानं माउथ ऑर्गन, आणि वाजवायची काय, तर जॅझ. चाल आधी ठरलेली नाही, सुचेल तशी वाट काढत जायचं. बोलताना जे कधी जमलं नाही, ते तिला वाजवताना बिनबोभाट जमायचं.

"अगं बया! नवरीच बँडवाली हाय की!" चुलती म्हणाली.

गिटारनं विचारलं, माउथ ऑर्गननं उत्तर दिलं. गिटार खोडी काढी, माउथ ऑर्गन लाडात येई. हिरवा चुडा आपसूक ठेका धरू लागला. असलं संगीत त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं, पण माना डोलू लागल्या, टाळ्या पडू लागल्या. दोघीजणींनी तर पदर खोचून फुगडीच धरली. प्राची भीती साफ विसरली. इतकं मोकळं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वाजवून झालं. अनितानं कडाकडा बोटं मोडून वहिनीची दृष्ट काढली आणि हात पुन्हा चौकटीला लावले.

"वाजवलं झ्याक, वयनी. पर नाव कुठाय? नावाबिगर कसला आलाय उखाणा?"

"व्हय व्हय, नाव पायजेच!" सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

प्राचीनं पुन्हा तोंड उघडलं. "द... द..." मान ताठ झाली, डोळे भरले, शब्द काही सुटेना. आता सगळ्यांना कळून चुकलं. ही लाज नव्हती. फुगडीवाल्यांनी खोचलेले पदर सोडले. अनिताचा चेहरा उतरला, पण हात खाली घ्यावेत की नाही, हे तिला कळेना.

प्राचीनं डोळे मिटले. ओठ माउथ ऑर्गनला लावले आणि तीनच सूर वाजवले. पहिला लांब, पुढचे दोन चटकन.

"ओ! आलो गं, आलो!" रस्त्यावरून दिग्विजय ओरडला. गाडीचं दार उघडंच टाकून, फेटा सावरत तो अंगणात धावत आला. "काय झालं? हाक कशापायी मारलीस?"

कुशाबाई पुढं झाल्या. त्यांनी लेकीचे हात चौकटीवरून खाली घेतले.

"ज्याचं नाव, त्यानं ओ दिली," त्या म्हणाल्या. "ह्याच्यापरीस नाव आणिक कसं घ्यायचं असतंय गं?"