कडूकंदाचा पहिला घास

ओढ्यात दगडाखाली दाबलेली टोपली दहा वर्षांच्या यमीनं वर ओढली, तेव्हा धाकटा लखू आधीच हात पसरून बसला होता.

"अजून नाही," ती म्हणाली. खडीची खाण बंद पडल्यावर आई-बाबा कामाच्या शोधात डोंगर उतरून गेले, त्याला महिना झाला. कणगी केव्हाच रिकामी झाली होती. तीन दिवस रान पालथं घातल्यावर तिला हा एकच कडूकंद सापडला. त्याचे काप राख घालून उकडले आणि दोन रात्री वाहत्या पाण्यात ठेवले, की त्यातलं विष उतरतं. पण काल लखू चक्कर येऊन पडला, म्हणून तिनं एकाच रात्रीत टोपली काढली.

"बाय, दे ना गं!"

"आधी मी. ऊन त्या कातळावर येईपर्यंत थांब. मला ओकारी झाली, तर सगळं ओढ्यात फेक. एकही काप खाऊ नकोस."

तिनं एक काप चावून गिळला. आईसुद्धा नेहमी आधी स्वतः खायची आणि मग उगीचच अंगण झाडत राहायची. पोरांना वाटायचं, आईला जरा म्हणून धीर नाही.

यमी उठली आणि ओढ्याकाठचा पाचोळा झाडू लागली.