दोरीवरचा आठवडा

“पुढच्या शुक्रवारी बावीसच्या बावीस ब्लाऊज घेऊन जा, ताई,” मालनच्या नवऱ्याने फोनवर गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. तारीख द्यायची त्याने, शिवायचं मालनने, आणि तारीख चुकली की गिऱ्हाइकाची बोलणी खायची तीही मालननेच.

या वेळी ती भांडली नाही. भांडायलाही त्राण लागतं. तिने भिंतीवर दोरी ताणली, रोजची एक अशा गाठी मारल्या आणि उरल्यासुरल्या कापडाच्या चिंध्या कापल्या, एका तासाला एक बोट लांबीची. शिवणाच्या निळ्या, स्वयंपाकाच्या लाल, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायच्या पिवळ्या, झोपेच्या पांढऱ्या. टाचणीने एकेक लावत गेली, तर निळ्या चिंध्या शुक्रवारची गाठ ओलांडून सोमवारपर्यंत पोचल्या.

“हे कसलं तोरण?” नवरा म्हणाला.

“तुम्ही दिलेला शब्द आहे. बसवून दाखवा शुक्रवारात.”

तो कात्री घेऊन उभा राहिला. लाल चिंधीला हात लावला, मग स्वतःचं जेवण आठवून सोडली. पिवळीकडे बघितलंच नाही. शेवटी पांढरीपाशी थांबला. “ही रोज थोडी कापली तर बसतंय की.” बिचारा अगदी मनापासून म्हणाला.

मालनने त्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिच्या जागी फोन ठेवला. “सोमवार सांगा त्यांना.”

“अगं, ओरडतील त्या.”

“ओरडू देत. आज तुम्ही ऐका.”

आणि ती त्या दोरीखालीच, भरदुपारी, आडवी झाली.