सगळ्यांना कळेल असं पान

"'वाजवी कालावधीपर्यंत' म्हणजे किती दिवस?" संपादकबाईंनी विचारलं.

"वकिलांना विचारा. आम्ही नुसतं चिकटवतो," दाढी म्हणाला. दाढी म्हणजे घरपोच किराणा देणाऱ्या त्या वेबसाइटचा मुख्य प्रोग्रामर.

ग्राहकांच्या माहितीचं आपण काय करतो, हे सांगणारं वेबसाइटवरचं पान आजवर कुणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. ज्यांनी लिहिलं त्या वकिलांनी तरी वाचलं असेल का, देव जाणे. पण परवा एका ग्राहक स्त्रीची तक्रार आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मी घर सोडलंय. नव्या जागी सामान तुमच्याकडूनच मागवते. हा पत्ता त्याला कळणार नाही ना? तुमचं पान तीनदा वाचलं, काही उमगलं नाही.

बाईंनी ती तक्रार दाढीसमोर धरली.

"कळेल का हो त्याला?"

दाढीने तपासलं. "खातं कुटुंबाचं आहे, नवऱ्याच्या नावावर. तिचा पत्ता त्याला दिसू शकतो. पण पार खाली, 'इतर'मध्ये. तिकडे कोण कडमडतंय."

"मग ते बंद करा."

"दोन महिने तरी लागतील."

साहेबांनी तोडगा काढला. "तोवर पानावर स्वच्छ लिहून टाका. एकेकीला कुठे उत्तरं देत बसणार? सगळ्याच सावध होतील."

बाईंना ते पटलं. त्यांनी जीव ओतून लिहिलं. वाक्यं आखूड केली, वकिली शब्दांना नारळ दिला. कुठे काय दाबलं की काय दिसतं, तेही सांगितलं. घरी गेल्यावर मसुदा सासूबाईंच्या हातात ठेवला. त्यांना कळलं की जगाला कळलं, हा बाईंचा नेहमीचा हिशोब.

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. "म्हणजे खातं माझ्या नावावर, तर तुम्ही दोघं कुठे काय पाठवता ते मला दिसतं?"

"दिसतं."

"बरं झालं बाई सांगितलंस," म्हणत त्या फोन उघडून बसल्या. बाईंना हसू आलं. एवढी चटकन पसंती त्यांच्या स्वयंपाकालाही कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान लागलं आणि एकूणएक ग्राहकांना तसं कळवलं गेलं. त्या स्त्रीलाही. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. वकीलसुद्धा नाक मुरडत का होईना, बरं जमलंय म्हणाले.

बाईंचं लक्ष मात्र त्या स्त्रीकडे लागलं होतं. तिने वाचलं असेल ना? पानाच्या तळाशी त्यांनी हौसेने विचारलं होतं, 'हे पान उपयोगी पडलं का?' दुपारी पहिलं उत्तर आलं. बाईंनी लगबगीने उघडलं.

'हो, फारच. इतकं सोपं करून आधी कुणी सांगितलंच नव्हतं. बायकोला चार महिने शोधत होतो. आत्ता तिच्या दाराबाहेरच उभा आहे.'