होडीतली बायको

शिडाची होडी चालवायचा कोर्स संपला, तसं मी बायकोला, नेत्राला, उत्तनच्या समुद्रात फिरवायला नेलं. "तू फक्त बस आणि बघ," असं तिला सांगितलं. उभं राहून किनाऱ्यावरचं चर्च दाखवायला गेलो, तेवढ्यात शिडाचा आडवा दांडा फिरला आणि मी सरळ पाण्यात.

लाइफ जॅकेटमुळे तरंगत होतो, पण होडी लांब चालली होती. मी घाबरून ओरडत सुटलो, "नेत्रा, दोरी सोड! नको नको, ओढ!" खरं तर मलाच काही आठवत नव्हतं. तिने मात्र सुकाणू वळवलं, होडी गोल फिरवून माझ्याकडे आणली आणि शिडाची दोरी सोडून अगदी शेजारी थांबवली. मग जॅकेटला धरून मला वर ओढलं.

खारं पाणी थुंकत मी विचारलं, "तुला कुणी शिकवलं हे?"

"तूच! कोर्स सुरू झाल्यापासून रोज झोपेत हेच बडबडतोयस. मला झोप लागतेय कुठे!"