समासातली राणी

“फार उशिरा आणलंत,” सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. समोरच्या पडद्यावर जैनोद्दीनच्या बायकोच्या, अन्वरीच्या पोटाचा फोटो होता. त्याला त्यातलं काही कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, “तिनं काही सांगितलंच न्हाय, साहेब. मी तर दिवसभर तिच्यासमोरच असतो.”

ते खरं होतं. तेरमधल्या घरात खिडकीपाशी जैनोद्दीनचं शिलाई मशीन होतं आणि दोन हातांवर अन्वरीचं टेबल. ती उर्दू शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. भाची झरीन पुण्यात कंप्युटरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. राज्य उभारायचं, शहरं वसवायची, शेजाऱ्याशी व्यापार करायचा नाहीतर लढायचं, असा त्यांचा नवा गेम. त्यात आफ्रिकेतली जुनी राज्यं घ्यायची होती. कोण कुणाशी लढलं, लोक काय खात, काय विकत, ते नीट वाचून लिहायचं काम झरीननं मामीला दिलं. अन्वरीनं वर्षभर दुसरं काही केलं नाही. तीन वह्या भरल्या.

डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या विसाव्या दिवशी ती गेली.

चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर झरीनचा फोन आला. आधी ती रडली. मग म्हणाली, “मामू, वह्यांचं काहीतरी करा. महिनाअखेर मजकूर आला नाही तर आफ्रिका काढून टाकणारेत. मग गेममध्ये नुसतं रोम राहील.”

“फोटो काढून पाठवू का?”

“मी इंग्लिश मीडियमची, मामू. मला उर्दू कुठं वाचता येतंय?”

जैनोद्दीनलाही येत नव्हतं. तो मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. लग्नानंतर अन्वरीनं दोनदा त्याच्यापुढं उर्दूची पाटी ठेवली होती. “तू हाईस की वाचून दाखवायला,” म्हणून त्यानं ती बाजूला सारली होती. आता तिचं वर्ष वहीतच कोंडून राहायला नको, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

मशिदीतल्या मौलानांनी वही पाहिली आणि परत दिली. अन्वरीचं अक्षर घाईचं. अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, गाळलेले. शेवटी त्यानं गौरीशंकरअप्पांना गाठलं. निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू कागद वाचून द्यायचं काम अप्पांनी जन्मभर केलेलं. कसलंही अक्षर ते सोडवायचे.

अप्पा वाचू लागले, जैनोद्दीन मराठीत लिहून घेऊ लागला. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळं परक्या राज्यांच्या नावांपाशी अप्पा अडायचे. “कश, किश का कुश? काय धरू?”

“कुश,” जैनोद्दीन सांगायचा. जेवताना ही सगळी नावं त्याच्या कानावरून गेली होती. अप्पांचे डोळे आणि त्याचे कान, असं काम चाललं.

“कुशच्या राणीनं रोमच्या बादशहाच्या पुतळ्याचं मुंडकं आणलं,” अप्पा वाचत होते, “आन् देवळाच्या पायरीखाली पुरलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं तुडवावं म्हणून. बाई खमकी व्हती रं!”

जैनोद्दीन हसला. अन्वरीच्या मागं पहिल्यांदाच.

दोन वह्या झाल्या. तिसरी अक्सुमची, आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका राज्याची होती. अक्सुमच्या बंदरात त्या काळी आपल्या तेरचं कापड उतरत असणार, गेममध्ये तेर घालायला लावणार, असं अन्वरी म्हणायची. अप्पांनी ती वही उघडली, तेव्हा जैनोद्दीननं त्यांना थांबवलं.

“अप्पा, एक राहतंय. ही राणी तुम्ही वाचतच न्हाय.”

त्यानं समासात बोट ठेवलं. लाल शाईत तीन सुटी अक्षरं होती, ब्लाउजच्या हुकांसारखी, पण एकाशेजारी एक. पहिल्या वहीत ती चारदोन ठिकाणी होती. दुसरीत पानापानावर. या वहीत एकेका पानावर दोनदोनदा.

“हिचाच लई बोलबाला दिसतोय,” तो म्हणाला. “मी एकदा विचारलं व्हतं तिला, ही कोण राणी गं? तर हसून म्हणली, ‘है एक. पिच्छा नई छोडती.’ मी झरीनला सांगून ठेवलंय, ही मोठी राणी हाय, हिला पुढं घे.”

अप्पांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

“जमिनीच्या कागदात म्या शेरा आधी वाचतो,” ते म्हणाले. “पयल्याच दिवशी वाचलं हे.”

“मग सांगा की नाव.”

“नाव न्हाय ते, जैनोद्दीन. दर्द लिवलंय. खाली तारीख हाय.”

मशीनवर अर्धवट शिवलेला कुर्ता होता. जैनोद्दीननं त्याचा लोंबता दोरा तोडला.

“पयली तारीख कवाची?”

“गेल्या जूनची.”

सोलापूरला ते मार्चमध्ये गेले होते. नऊ महिने वही त्याच्यासमोर उघडी होती. चहाचा कप ठेवायला त्यानं ती रोज स्वतःच्या हातानं सरकवली होती.

“समास सोडून वाचतो म्या,” अप्पा म्हणाले. “लिही तू.”

जैनोद्दीननं पेन उचललं. टोपण काढलं, परत लावलं. “उद्या बसू, अप्पा,” तो म्हणाला.

अप्पा दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले; जैनोद्दीन उद्यावरच ढकलत राहिला. मग यायचे थांबले. झरीनचा निरोप येऊन पडला: मामू, बाकीचं जमेल तसं करा, त्या मोठ्या राणीचं नाव तेवढं कळवा.

महिना संपला. अक्सुमची अख्खी वही वाचायची राहिली आहे.